वॉल्टकाकांचं चरित्र आणि माझे पोहे

१८ एप्रिल २००४

काल इथल्या आमच्या मराठी मंडळाचा गुढीपाडवा झाला. पाडवा मार्चमध्येच येऊन गेला होता, पण शाळेचा हॉल एप्रिलात मिळाला. तिथे आमचा अध्यक्ष गिरीश याने माझा अपमान केला, आणि तो इतक्या प्रेमाने केला की घरी येऊन फोडणी करेपर्यंत मला कळला नाही. म्हणाला, "शैलजाताई, तुमचे लेख धमाल असतात हो. पण चोवीस वर्षं अमेरिकेत राहून लिहिता कोणावर? आमच्यावरच. एखाद्या अमेरिकन माणसावर लिहा की."

खरं आहे. कोथिंबिरीच्या जुडीसाठी चाळीस मैल ड्राइव्ह करणारे, बॅगेत कपड्यांपेक्षा मेतकूट जास्त आणणारे, 'आम्ही आता कायमचे परत जाणार' हे दर दिवाळीला सांगणारे, सगळे माझ्या लेखांत येऊन गेले. अमेरिकन माणूस फक्त पार्सल द्यायला दारापर्यंत आला.

तेव्हा ठरलं. मी एका अमेरिकन माणसाचं चरित्र लिहिणार. शोधायलाही जायला नको, तो शेजारीच राहतो. वॉल्ट नोव्हाक, वय पंचाहत्तर, एकोणीसशे पन्नासच्या दशकातला व्यावसायिक फुटबॉल खेळाडू. बायको गेल्यापासून एकटेच असतात. गेल्या अकरा वर्षांत आमचं बोलणं बर्फ, पानगळ आणि 'हाय' यापलीकडे गेलेलं नाही.

संजीव म्हणाला, "तुला फुटबॉलमधलं काय कळतं?"

मी म्हटलं, "तुला लग्नातलं काय कळत होतं? तरी केलंसच ना."

२५ एप्रिल

पहिली बैठक, त्यांच्या पोर्चवर. तोंडावर मी त्यांना वॉल्ट म्हणते, इथली रीतच तशी आहे. वहीत मात्र वॉल्टकाका. वीस-बावीस वर्षांनी थोरल्या माणसाचं नुसतं नाव लिहायला पेन तयार होत नाही. ते मला शेली म्हणतात. 'शैलजा' त्यांनी एकदा म्हणून पाहिलं आणि मग पाणी मागितलं.

ज्या खेळात चेंडू सगळा वेळ हातात असतो त्याला फुटबॉल का म्हणतात, हा विनोद मी करणार नाही, तो सगळ्यांचा करून झाला आहे. त्यांनी खेळ समजावला आणि मी तो ताबडतोब कबड्डीत बसवला. मधे रेघ, दोन्हीकडे अकरा-अकरा धिप्पाड माणसं. वॉल्टकाका 'सेंटर' होते. म्हणजे रेघेच्या बरोबर मधे ओणवं राहायचं, जमिनीवरच्या चेंडूवर हात ठेवायचा, आणि इशारा झाला की तो आपल्याच दोन पायांमधून मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकच्या हातात द्यायचा. मग क्वार्टरबॅक तो फेकतो, पळतो, फोटोत येतो. सेंटरच्या अंगावर समोरचा सव्वाशे किलोचा माणूस येतो.

"म्हणजे प्रत्येक डाव तुमच्यापासून सुरू, आणि चेंडू तुमच्याकडे एकच सेकंद?"

"अर्धा."

"नऊ वर्षांत एकदाही चेंडू घेऊन पळाला नाहीत?"

"मला कोणी बोलावलंच नाही पळायला, शेली."

इशाऱ्याची गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली, त्यामुळे मला अगदी पक्की कळली. डावाआधी सगळे घोळका करतात आणि क्वार्टरबॅक हळूच सांगतो, 'दोनवर'. मग रेघेवर येऊन तो ओरडतो, "हट, हट." दोनवर ठरलेलं असेल तर दुसऱ्या हटला चेंडू सुटतो. समोरच्यांना हा आकडा माहीत नसतो. "अकरा माणसं, एक आकडा," काका म्हणाले. "तेवढा लक्षात ठेवला की तुम्ही त्यांच्या आधी हलता. आमची सगळी अक्कल त्यात."

त्यांचे गुडघे गेलेले आहेत. खुर्चीतून उठायचं म्हणजे पूर्वतयारी लागते. हात टेकून त्यांनी विचारलं, "ऑन व्हॉट?" म्हणजे कितीवर? मी म्हटलं, "ऑन टू." मग मीच "हट, हट" केलं आणि दुसऱ्या हटला ते उठले. आमच्या गणपतीच्या मूर्तीलाही उठवायला इतकी माणसं आणि इतकी आरडाओरड लागते.

८ मे

आज त्यांचं स्वयंपाकघर पाहिलं. प्रत्येक कपाटावर पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर मार्करने लिहिलेलं: कप, ताटल्या, सूप. शेगडीपाशी: बंद कर. याला म्हणतात शिस्त. आमच्याकडे चोवीस वर्षांत चहाचा डबा कुठला आणि मोहरीचा कुठला हे संजीवला ठाऊक नाही. मी घरी येऊन चार पट्ट्या लावल्या. संजीव बघत राहिला आणि म्हणाला, "त्यांना स्वतःच्या घरातले कप सापडत नाहीत का?"

काही लोकांना टापटीप म्हणजे काय हेच कळत नाही.

२२ मे

माझ्या पोह्यांनी अमेरिका जिंकली. सकाळी नऊला वॉल्टकाकांना कांदेपोहे दिले. दोन बशा खाल्ल्या, लिंबाची फोडसुद्धा चोखली. आणि साडेदहाला पुन्हा दारात हजर. म्हणाले, "नाश्त्याचा सुंदर वास येतोय." मी कढई पुन्हा चढवली. पुन्हा दोन बशा, पुन्हा तीच तारीफ, तेच शब्द, "हे पिवळं काय आहे? फारच छान." लाजून मी फक्त पडायची राहिले.

संजीव म्हणाला, "अगं, दीड तासापूर्वी खाल्लेत ना त्यांनी?"

"तू लग्नानंतर पहिल्या वर्षी असं करायचास," मी म्हटलं.

आमच्या आईचा नियम होता: माणूस पोटभर जेवतोय ना, मग तो ठणठणीत. वॉल्टकाका ठणठणीत आहेत.

१२ जून

आतापर्यंतची जमा: पेनसिल्व्हेनियातलं कोळशाच्या खाणीचं गाव. वडील खाणीत. खाणीत जायचं नसेल तर फुटबॉल खेळायचा, असे दोनच रस्ते. पुढे कॉलेज, आणि १९५१ ते १९५९ नऊ मोसम इरी स्टीमर्स नावाच्या संघात. तो संघ केव्हाच बुडाला. उन्हाळ्यात खेळ नसे, तेव्हा हे फर्निचरच्या दुकानात सोफे उचलत. नाक चार वेळा मोडलं. चौथ्यांदा मोडलं ते पूर्वीपेक्षा सरळ बसलं, असं त्यांचं म्हणणं.

आज सांगितलेला किस्सा चरित्रात तसाच घालणार. १९५५ साली कोणाचा तरी गुडघा डोक्यात बसला. त्याला ते 'घंटी वाजली' म्हणतात. ट्रेनरने नाकाखाली झोंबणाऱ्या औषधाची कुपी धरली, दोन बोटं नाचवली, किती ते विचारलं. यांनी 'मंगळवार' असं उत्तर दिलं. ट्रेनर म्हणाला, "चालेल, जा." आणि पुढचा अख्खा अर्धा सामना हे खेळले. त्यातलं काहीच आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मित्राने सांगितलं की तू छान खेळलास.

"अशी घंटी किती वेळा वाजली?"

"चर्चमध्ये राहणारा माणूस मोजतो का, शेली?"

आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

२७ जून

चरित्राचा कळस सापडला. डिसेंबर १९५६, अंतिम सामना, शेवटचा डाव. समोरची रेघ दोन यार्डांवर. ओलांडली की विजेतेपद. काकांनी चेंडू अगदी व्यवस्थित मागे दिला, पण क्वार्टरबॅकची बोटं थंडीने आखडली होती, त्याच्या हातून तो सुटला. हरले. क्वार्टरबॅकचं नाव बड, तो कॅलिफोर्नियात गाड्या विकत असे, आता हयात नाही.

ट्रॅजेडी, थंडी, दुसऱ्याची चूक. मराठी वाचकाला आणखी काय हवं?

५ जुलै

काल चार जुलैचं बार्बेक्यू. काकांची मुलगी कॅरल ओहायोहून आली होती. पन्नाशीची, शाळेत मुख्याध्यापिका, बघते तेही उत्तरपत्रिका तपासल्यासारखी. मला बाजूला घेऊन म्हणाली, "शेली, तुम्ही डॅडना रोज भेटता. खरं सांगा, ते ठीक आहेत का? माझ्या घराजवळ एक जागा आहे, काळजी घेणारी माणसं असतात तिथे. मला त्यांना न्यायचं आहे. ते म्हणतात, हा पोर्च मी बांधलाय, इथून मला उचलूनच न्यावं लागेल."

पोर्च त्यांनी खरोखर स्वतः बांधला आहे. एक पायरी तिरपी आहे, ती ते सगळ्यांना मुद्दाम दाखवतात.

मी तिला स्पष्ट सांगितलं. म्हटलं, "पन्नास वर्षांपूर्वीचा एकेक डाव त्यांना तोंडपाठ आहे. स्मरणशक्ती माझ्याहून चांगली. जेवण उत्तम. त्यांना ठीक नाही म्हणायचं तर आमचं सगळं मंडळ उचलून ओहायोला न्यावं लागेल."

ती हसली नाही, पण तिचे खांदे जरा सैल झाले. म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून मी थांबते."

मला फार बरं वाटलं. आपल्या शब्दाला वजन आहे हे रोज कुठे कळतं.

७ ऑगस्ट

अंतिम सामन्याची गोष्ट आज पुन्हा ऐकली. या वेळी थंडी नव्हती, धुकं होतं, चेंडू कोणालाच दिसला नाही. गेल्या आठवड्यात सांगितली तेव्हा पाऊस होता. मी अजिबात गोंधळले नाही. चांगला कीर्तनकार तेच आख्यान रोज नव्याने लावतो. मी त्यांना विचारलं, "यातलं चरित्रात कुठलं घालू?" त्यांनी स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, "तू सांग."

लेखकाला इतकं स्वातंत्र्य देणारा चरित्रनायक मिळायला पुण्याई लागते.

२१ ऑगस्ट

संध्याकाळी काकांची गाडी आमच्या ड्राइव्हवेत, आणि काका किल्ली घेऊन आमच्या दाराच्या कुलुपाशी झगडत होते. संजीवने दार उघडलं, तर म्हणाले, "तुम्ही इथे काय करताय?" दोन क्षणांनी स्वतःच हसले.

जेवताना संजीव म्हणाला, "शैलू, हे बरोबर दिसत नाहीये. कॅरलला फोन करूया."

"या गल्लीतली सगळी घरं एकाच कारखान्यातून काढल्यासारखी आहेत. गेल्या वर्षी तू नव्हतास का शेजारच्या पटेलांच्या गराजसमोर हॉर्न वाजवत?"

"मी एकदाच वाजवला. आणि रात्रपाळी करून आलो होतो."

आमच्या घरातला हेवा मी समजू शकते. आठवड्यातले चार दिवस मी शेजारच्या पोर्चवर असते.

१९ सप्टेंबर

मंडळाचा गणपती पुढच्या आठवड्यात, त्याची खरेदी म्हणून काल सगळी जनता आयसेलिनला, देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर. तिथे गिरीशला मिठाईच्या दुकानाबाहेरच्या बाकावर वॉल्टकाका भेटले. हातात जिलबी, अंगावर लोकरीचा स्वेटर, बाहेर उकाडा. गाडी कुठे लावली ते आठवत नव्हतं. शनिवारी ओक ट्री रोडवर गाडी कुठे लावली हे मलाही आठवत नाही, त्यात विशेष काय? गिरीशने त्यांना घरी आणून सोडलं. वाटेत त्यांनी त्याला १९५६ चा सामना सांगितला, आणि गिरीश पार विरघळला.

"ताई, आपण यांचा सत्कार करू. दिवाळीच्या कार्यक्रमात. शाल, श्रीफळ, आणि तुमच्या चरित्रातला उतारा."

मी आधी आढेवेढे घेतले, म्हणजे 'अरे कशाला' असं एकदा म्हटलं.

१० ऑक्टोबर

आज चौथा पाठभेद. पोर्चवर आम्ही दोघंच होतो. मी काही विचारलंच नव्हतं. ते एकदम बोलायला लागले.

"बडने दोन म्हटलं होतं. 'दोनवर' म्हणाला. आधीच्या डावात माझी घंटी वाजली होती. घोळक्यातून रेघेपर्यंत सात पावलं, शेली, आणि तेवढ्यात आकडा गेला. एक की दोन? विचारणार कोणाला? मी एकवर दिला. बडचे हात अजून तिथे आलेच नव्हते. चेंडू त्याच्या मनगटाला लागून उडाला. तो मरेपर्यंत लोकांना सांगत राहिला की माझ्या हातून सुटला. मला कधी काही बोलला नाही."

आणि थोड्या वेळाने, रस्त्याकडे बघत, "आता सगळे आकडे तसेच जातात."

मी ते वाक्यही लिहून घेतलं. सुंदर आहे. म्हातारपणावर इतकं नेमकं वाक्य मला सुचलं नसतं.

पण घरी आल्यापासून काहीतरी टोचतंय. जुलैमध्ये कॅरलला मी जे सांगितलं ते त्यांच्या पोर्चसाठी की माझ्या पुस्तकासाठी? नायक ओहायोला गेला असता तर चरित्र अडीच प्रकरणांवर थांबलं असतं. असो. दोन्ही गोष्टी एकाच दिशेला असल्या तर त्यात गैर काय? संजीवला विचारलं नाही. तो उत्तर देईल अशी भीती वाटली.

३० ऑक्टोबर

कॅरलचा फोन. सत्काराला येणार आहे, आणि तेव्हाच घराचं काय ते ठरवणार. "गेल्या आठवड्यात मी फोन केला तर डॅडनी मला विचारलं, कोण बोलतंय."

मी म्हटलं, "इथली लाइन खराब आहे."

१४ नोव्हेंबर

कालचं सगळं आजच लिहून टाकते.

शाळेचा हॉल, तीनशे माणसं, फराळाचे डबे. कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला, म्हणजे वेळेवर. पहिल्या रांगेत वॉल्टकाका जुन्या निळ्या कोटात, शेजारी कॅरल. मी पैठणीत. उतारा वाचला, हशे मिळाले, टाळ्या मिळाल्या. मग गिरीशने त्यांना स्टेजवर बोलावलं. खाली त्यांच्या खुर्चीशी जाऊन मी हळूच "हट, हट" केलं, ते उठले, चढून आले.

खांद्यावर शाल घातली. हातात नारळ दिला.

त्यांनी नारळ दोन्ही हातांत फिरवून पाहिला. शेंडी चाचपली. हॉलमधला आवाज थोडा खाली आला. मग शाल सरकू दिली, नारळ स्टेजवर, बरोबर मधोमध ठेवला, आणि गेलेले गुडघे वाकवून त्यावर ओणवे झाले. एक हात नारळावर, दुसरा मांडीवर, मान वर.

लोक हसले. शिट्ट्या आल्या. गिरीश माइकवर म्हणाला, "वा! लाइव्ह डेमो!" टाळ्यांचा कडकडाट झाला आणि हळूहळू थांबला, कारण काका उठेनात. ते डावीकडे बघत होते, उजवीकडे बघत होते, आपली माणसं रेघेवर आलीत का ते पाहत होते. पहिल्या रांगेत कॅरलने तोंडावर हात दाबला होता. आणि त्यांनी विचारलं, माइकपासून लांब, अगदी हळू, फक्त मला ऐकू आलं.

"ऑन व्हॉट?"

इतके महिने हा प्रश्न ऐकून मी हसत होते. काल त्यांच्या आवाजात जी भीती होती ती मी पोर्चवर कधी ऐकलीच नव्हती. की होती, आणि मी किस्से लिहून घेत होते?

मी पदर खोचला आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. तीनशे मराठी माणसांसमोर, त्यातली निम्मी माझ्या लेखांतली. हात पुढे धरले.

"ऑन टू, वॉल्ट," मी म्हटलं.

त्यांची मान किंचित हलली.

"हट."

ते हलले नाहीत. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, पण दगडासारखा स्थिर.

"हट."

नारळ आला. असा आला की पैठणीचा मोर वाचला हे नशीब. छातीवर बसला, पण मी तो धरला. ते सावकाश उभे राहिले, मागे वळले. त्यांच्यासमोर मी नव्हते, शेलीही नव्हती.

"पोचला?"

"पोचला."

"दोनवर?"

"दोनवर."

त्यांनी मान हलवली, शाल उचलून माझ्याच खांद्यावर घातली, आणि कोणाचाही हात न धरता पायऱ्या उतरून गेले. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. सगळ्यांना वाटलं आम्ही तालीम केली होती. एका अर्थी केली होतीच.

पार्किंगमध्ये कॅरलने विचारलं, "हे किती दिवस चाललंय?"

मी म्हटलं, "जेवण तर अगदी व्यवस्थित..." आणि थांबले. मग मी तिला सगळं सांगितलं. कपाटांवरच्या पट्ट्या, किल्ली, स्वेटर, दोनदा खाल्लेले पोहे. एकेक गोष्ट बोलत गेले तशी मलाच ऐकू येत गेली. संजीव शेजारी उभा होता. 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणायची चोवीस वर्षांतली सर्वांत मोठी संधी त्याने सोडली. त्याने फक्त माझ्या हातातला नारळ घेतला.

२८ नोव्हेंबर

वॉल्टकाका उद्या ओहायोला जातात. पोर्चवरून उचलून न्यावं लागणार नाही. कॅरलने सांगितलं की तिथे पोर्च नाही, दारापाशी नुसती एक पायरी आहे, आणि ती सरळ आहे. ते म्हणाले, "मग मी जातो. ती तिरपी करावी लागेल." विनोद शाबूत आहे. मी आता त्यावरून काही निष्कर्ष काढत नाही.

गिरीश विचारत होता, चरित्राचं काय. म्हटलं, होणार. जोरात होणार. चारही पाठभेद छापणार, आणि शेवटी नोंद: वॉल्ट नोव्हाक, सेंटर, शेवटचा डाव, १३ नोव्हेंबर २००४, न्यू जर्सी. दोनवर. पोचला. साक्षीदार तीनशे, मंडळाच्या हिशोबाने पाचशे.

आज सकाळी नऊला ते नाश्त्याला आले. दोन बशा. साडेदहाला पुन्हा आले, म्हणाले, नाश्त्याचा सुंदर वास येतोय. मी कढई चढवली. सव्वाबाराला तिसऱ्यांदा बेल वाजली. संजीवने माझ्याकडे पाहिलं, उठला, फडताळातून पोह्यांचा डबा काढला (त्यावर पट्टी आहे) आणि स्वतः कांदा चिरायला बसला.

"हे पिवळं काय आहे?" वॉल्टकाकांनी विचारलं.

"पोहे," मी म्हटलं. "पहिल्यांदाच केलेत. खाऊन सांगा कसे झालेत."